एआय एजंटसाठी टूलचं डॉक्युमेंटेशन: काय लिहायचं, कुठे ठेवायचं, कसं तपासायचं

टूलची माहिती वाचणारा माणूस अडला की शेजारच्याला विचारतो, जुन्या चॅटमध्ये शोधतो किंवा काहीतरी विचित्र दिसतंय म्हणून हात आवरता घेतो. एआय एजंट, म्हणजे स्वतः कमांड चालवून काम करणारा एआय प्रोग्राम, सहसा थांबत नाही. समोर असेल तेवढा मजकूर तो वाचतो, आणि जिथे मजकूर गप्प आहे तिथे प्रशिक्षणातून सर्वांत संभाव्य वाटेल ते भरून कमांड चालवतो. तुमच्या टूलचं आउटपुट जेसनमध्ये (यंत्राला सहज वाचता येणाऱ्या मांडणीत) कसं मागायचं हे लिहिलेलं नसेल, तर इतर असंख्य टूल्सना ‘--जेसन’ असतो म्हणून तोही ‘--जेसन’ लावून बघतो. इथे चूक झाली तर फार तर एक एरर येते. पण ‘--फोर्स’च्या (अडथळे न जुमानता काम रेटणाऱ्या पर्यायाच्या) बाबतीत असाच अंदाज बांधला गेला तर निस्तरायला दिवस जातो.

म्हणून एजंटसाठी लिहिताना खरं काम एकच आहे: अंदाज बांधावा लागेल अशी प्रत्येक जागा शोधायची आणि बुजवायची. गोड प्रस्तावना, टूलचा इतिहास, वैशिष्ट्यांची जंत्री यांचा एजंटला उपयोग नाही. उलट ती कॉन्टेक्स्ट विंडोतली, म्हणजे मॉडेल एका वेळी समोर ठेवू शकतं त्या मर्यादित मजकुरातली, जागा खातात.

आधी टूल चालवून बघा

लेखनाची सुरुवात एडिटरमध्ये करू नका, रिकाम्या कंटेनरमध्ये (बाकी काहीही इन्स्टॉल नसलेल्या, वेगळ्या वातावरणात) करा. टूल नव्याने इन्स्टॉल करा, प्रत्येक सबकमांड चालवा आणि पाच गोष्टी टिपून घ्या: ती उत्तराची वाट बघत थांबते का, एक्झिट कोड (संपताना निकाल सांगणारा आकडा) काय देते, आउटपुट किती मोठं असतं, काय बदलते किंवा पुसते, आणि किती वेळ घेते.

थांबणाऱ्या कमांड सर्वांत जास्त त्रास देतात. ‘गिट कमिट’ला संदेश दिला नाही तर एडिटर उघडतो. ‘गिट रिबेस --कंटिन्यू’ही एडिटर उघडू शकतो. ‘व्हीटेस्ट’ हे जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं टूल टर्मिनलमध्ये नुसतं चालवलं तर वॉच मोडमध्ये (फाइल बदलण्याची वाट बघत) जातं आणि कधी संपतच नाही. तिथे ‘व्हीटेस्ट रन’ लिहायला हवं. डेबियन किंवा उबुंटूवर ‘ॲप्ट’ने पॅकेज टाकताना मधेच प्रश्न येतो. काही एजंट खऱ्या टर्मिनलशिवाय कमांड चालवतात, काही आभासी टर्मिनल देतात, आणि बरीच टूल्स टर्मिनल आहे की नाही हे बघून वागणं बदलतात. म्हणून दोन्ही प्रकारे चालवून बघा आणि दोन्हीकडे नीट संपणारी कमांडच लिहा.

दुसरी सापळ्याची जागा म्हणजे शेलची स्थिती. अनेक एजंट-प्रणालींमध्ये प्रत्येक कमांड नव्या शेलमध्ये चालते. आधीच्या पायरीत ‘एक्सपोर्ट’ केलेलं व्हेरिएबल किंवा ॲक्टिव्हेट केलेलं पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुढच्या पायरीला उपलब्ध असेलच असं नाही. ‘एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करा, मग टेस्ट चालवा’ ही माणसासाठी ठीक असलेली सूचना इथे सहज फसते. त्याऐवजी एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरमधल्या पायथनचा थेट पाथ द्या, म्हणजे कमांड कुठल्याही शेलमध्ये एकटी चालते. प्रत्येक कमांड रेपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमधून चालवायची आहे की उपफोल्डरमधून, हेही त्याच ओळीत लिहा. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असा उल्लेख टाळा, कारण ‘वरचा’ भाग एजंटच्या समोर असेलच याची हमी नाही. शोध घेऊन त्याने कदाचित फक्त हाच परिच्छेद उचललेला असतो.

एका कमांडचं टिपण

उदाहरणासाठी ‘पाठव’ नावाचं एक कल्पित टूल धरू, सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवणारं. बहुतेक ठिकाणी त्याची माहिती अशी सापडेल: ‘पाठव सोड: आवृत्ती सर्व्हरवर सोडते. पर्याय: --कुठे, --टाइमआउट, --हो.’ यात खोटं काही नाही, आणि उपयोगाचंही फारसं काही नाही. हेच टिपण एजंटसाठी असं व्हायला हवं:

काम: आधीच बिल्ड झालेली आवृत्ती दिलेल्या सर्व्हर-गटावर चढवते. बिल्ड करत नाही. त्यासाठी ‘पाठव बांध’.
कधी वापरू नये: फक्त कॉन्फिग बदललं असेल तर. तेव्हा ‘पाठव कॉन्फिग लाव’.
आधी काय हवं: ‘पाठव बांध’ने शेवटच्या ओळीत छापलेला बिल्ड क्रमांक, आणि ‘पाठव_टोकन’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.
कमांड: पाठव सोड --बिल्ड=४८२ --कुठे=स्टेजिंग --हो
--कुठे: आवश्यक. दोनच मूल्यं चालतात: स्टेजिंग, प्रॉडक्शन. डीफॉल्ट नाही.
--टाइमआउट: ऐच्छिक. पूर्णांक, सेकंदांत, १० ते ९००. डीफॉल्ट ३००.
--हो: खात्रीचा प्रश्न टाळतो. हा नसेल तर टूल उत्तरासाठी अडून राहतं.
आउटपुट: स्टँडर्ड आउटपुटवर एकच जेसन ऑब्जेक्ट. त्यातल्या ‘स्थिती’चं मूल्य ‘यशस्वी’, ‘अंशतः’ किंवा ‘अयशस्वी’. प्रगतीच्या ओळी स्टँडर्ड एररवर.
एक्झिट कोड: ० म्हणजे चढली. २ म्हणजे पर्याय चुकीचे, काहीही बदललेलं नाही. ३ म्हणजे काही सर्व्हरवर चढली, काहींवर नाही. ४ म्हणजे टोकन नाही किंवा संपलं.
पुन्हा चालवली तर: तोच बिल्ड क्रमांक असेल तर काही बिघडत नाही.
मागे फिरायचं असेल तर: पाठव मागे --कुठे=स्टेजिंग
वेळ: साधारण २ ते ४ मिनिटं.

शेवटची ‘वेळ’ची ओळ किरकोळ वाटेल, पण ती गाळू नका. एजंट चालवणाऱ्या प्रणालीची स्वतःची कालमर्यादा असते. कमांड तीन मिनिटं घेणार हे माहीत नसेल तर ती मधेच तोडली जाते, एजंट त्याला अपयश समजतो आणि कमांड पुन्हा चालवतो. पहिलं काम मागे चालूच असेल तर दोन कामं एकमेकांच्या पायात येतात.

‘कधी वापरू नये’ ही ओळ लिहायचा बहुतेकांना कंटाळा येतो. टूलमध्ये एकमेकांसारख्या दोन कमांड असतील तर चूक कमांड चालवण्यात होत नाही, निवडण्यात होते. प्रत्येकीचं वर्णन सुटं वाचलं तर दोन्ही बरोबरच वाटतात. म्हणून दोघींच्याही टिपणात दुसरीचं नाव घेऊन फरक सांगा. ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि ‘एनपीएम सीआय’ हे ओळखीचं उदाहरण. दोन्ही जावास्क्रिप्टची पॅकेजेस टाकतात. पहिली कमांड लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) बदलू शकते. दुसरी लॉक फाइलला हात लावत नाही, आधीचं ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर काढून टाकते, आणि लॉक फाइल व पॅकेज फाइल जुळत नसतील तर एरर देऊन थांबते. हा फरक लिहिलेला नसला की एजंटच्या कमिटमध्ये लॉक फाइलचे शेकडो विनाकारण बदल दिसू लागतात.

पॅरामीटरबद्दल थोडक्यात: प्रकार, एकक, मर्यादा, डीफॉल्ट, आणि मूल्य कुठून मिळवायचं, एवढं प्रत्येकाचं हवं. शेवटचा मुद्दा हमखास विसरला जातो. ‘प्रोजेक्ट आयडी द्या’ असं लिहून सोडलं तर एजंट आयडीसारखं दिसणारं काहीतरी रचतो. ‘प्रोजेक्ट आयडी: “पाठव यादी”च्या पहिल्या स्तंभातला’ असं लिहिलं तर आणून देतो. नमुन्यात दिलेलं मूल्य खरंखुरं वाटेल असं असेल तर ते जसंच्या तसं वापरलं जाण्याचीही शक्यता असते, म्हणून ते नमुन्याचं आहे हे तिथेच लिहा. एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याचा खुला प्रोटोकॉल) सर्व्हर लिहीत असाल तर मर्यादित मूल्यं वर्णनाच्या वाक्यात न लिहिता जेसन स्कीमातल्या ‘इनम’मध्ये (चालणाऱ्या मूल्यांच्या यादीत) घाला, वाक्य नजरेतून सुटू शकतं, स्कीमा तपासता येतो. पॅरामीटरचं नाव नुसतं ‘यूझर’ ठेवलं तर नाव द्यायचं, ईमेल की आयडी, हा घोळ होतोच. ‘यूझर आयडी’ ठेवा.

एक्झिट कोड आणि आउटपुट

काम झालं की नाही हे एजंट दोनच गोष्टींवरून ठरवतो: एक्झिट कोड आणि छापलेला मजकूर. या दोन्हींचे अर्थ टूलगणिक बदलतात आणि लोक ते गृहीत धरतात.

‘ग्रेप’ला काही सापडलं नाही तर कोड १ येतो, खरी चूक झाली तर २. ‘डिफ’मध्ये १ म्हणजे फाइल वेगळ्या आहेत, इतकंच. सर्व्हरच्या मांडणीत होणारे बदल आधी दाखवणाऱ्या ‘टेराफॉर्म प्लॅन’ला ‘-डिटेल्ड-एक्झिटकोड’ लावला तर ० म्हणजे बदल नाहीत, १ म्हणजे एरर आणि २ म्हणजे बदल आहेत. म्हणजे शून्येतर असूनही २ हे यश. ‘पायटेस्ट’ ५ देतं तेव्हा एकही टेस्ट सापडलेली नसते. टेस्ट नसलेल्या फोल्डरचा पाथ दिला की हेच होतं, आणि आउटपुटमध्ये एकही अपयश दिसत नसल्यामुळे ‘सगळं ठीक’ असा निष्कर्ष निघू शकतो. ‘कर्ल’ तर सर्व्हरने ४०४ दिला तरी ० देऊन मोकळं होतं. ‘-एफ’ लावला तरच ४०० व त्यावरच्या कोडसाठी २२ येतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये यातलं काही वापरलं असेल तर कोणता कोड म्हणजे काय आणि त्यावर पुढे काय करायचं, हे स्क्रिप्टच्या टिपणात असायला हवं.

याला जोडून एक गोष्ट. लांब आउटपुट आवरायला एजंट कमांडला ‘टेल’ किंवा ‘हेड’ची (फक्त शेवटच्या किंवा पहिल्या काही ओळी दाखवणाऱ्या कमांडची) शेपटी लावतात. बॅशमध्ये पाइपलाइनचा एक्झिट कोड नेहमीच्या सेटिंगमध्ये शेवटच्या कमांडचा असतो, म्हणजे ‘टेल’चा. टेस्ट पडल्या तरी कोड ० येतो. याला दोन उपाय आहेत. ‘सेट -ओ पाइपफेल’ लावायला सांगा, किंवा (हे जास्त चांगलं) कमी बोलणारा मोडच टूलमध्ये ठेवा आणि टिपणात तोच लिहा. यश झालं तर एक ओळ, अपयश झालं तर फक्त पडलेल्या टेस्ट आणि त्यांची कारणं. हजार ओळींच्या हिरव्या खुणा कोणालाच नको असतात, आणि त्या कॉन्टेक्स्ट विंडोत शिरल्या की उपयोगाचा मजकूर बाहेर ढकलला जातो.

आउटपुट यंत्राने वाचायचं असेल तर स्टँडर्ड आउटपुटवर फक्त डेटा ठेवा. सूचना, प्रगती, इशारे स्टँडर्ड एररवर. जेसनच्या आधी ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ अशी एक ओळ छापली गेली तरी पार्सिंग कोसळतं. डॉक्युमेंटेशनमध्ये आउटपुटचा एक खरा नमुना द्या, टूलमधून कॉपी केलेला. रिकामं उत्तर कसं दिसतं तेही दाखवा: रिकामी यादी येते, ‘नल’ येतो की काहीच छापलं जात नाही? काहीच न छापणं हे यश आहे हे सांगितलं नाही तर एजंट तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवत बसतो.

एरर संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग

माहितीची फाइल एजंट वाचेल किंवा न वाचेल. एरर तर त्याच्या पुढ्यातच येऊन पडते. म्हणून एका दिवसात एकच गोष्ट सुधारणं शक्य असेल तर एरर संदेश सुधारा.

‘अवैध इनपुट’ हा संदेश निरुपयोगी. त्याजागी: ‘--कुठे=प्रॉड चालत नाही. चालणारी मूल्यं: स्टेजिंग, प्रॉडक्शन. काहीही बदललेलं नाही.’ यात कुठलं मूल्य अडलं, काय चालेल आणि आत्ता प्रणाली कुठल्या अवस्थेत आहे, हे तिन्ही आलं. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पुन्हा प्रयत्न करणं सुरक्षित आहे का हे त्यावरच ठरतं. अर्धवट झालेल्या कामाची एरर असेल तर काय झालं, काय राहिलं आणि पुढची कमांड कोणती हे लिहा. जी एरर पुन्हा प्रयत्न करून सुटणार नाही (परवानगी नाही, टोकन संपलं) तिच्यात ‘पुन्हा प्रयत्न करू नका, माणसाकडून नवं टोकन घ्या’ असं सरळ लिहा. नाहीतर एजंट वाट काढायला बघतो, आणि परवानगीच्या प्रश्नातून त्याने स्वतः काढलेली वाट तुम्हाला आवडण्याची शक्यता कमी.

धोक्याच्या कमांड

डॉक्युमेंटेशनमधला इशारा म्हणजे कुलूप नव्हे. ‘प्रॉडक्शनवर चालवू नका’ असं ठळक अक्षरात लिहिलं तरी प्रॉडक्शनचं टोकन एजंटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर ते कधीतरी वापरलं जाईल असंच धरून चाला. आधी टोकन काढा किंवा फक्त वाचण्याची परवानगी असलेलं द्या, मग इशारा लिहा.

इशारा लिहिताना नकारासोबत पर्याय द्या. ‘गिट पुश --फोर्स वापरू नका’ एवढ्यावर थांबलं तर पुश अडल्यावर एजंटला पुढची वाट दिसत नाही. ‘पुश नाकारला गेला तर फेच करा, रिबेस करा आणि पुन्हा पुश करा, कॉन्फ्लिक्ट आला तर थांबा आणि फाइलींची नावं कळवा’ ही पूर्ण सूचना झाली. काही पुसणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या कमांडला ड्राय रन (प्रत्यक्ष काही न बदलता केलेली चाचणी) असेल तर त्याची कमांड आधी आणि खरी कमांड नंतर द्या. ड्राय रन काय तपासत नाही तेही लिहा. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत) क्लायंटवरचा ड्राय रन आणि सर्व्हरवरचा ड्राय रन यांत हाच फरक आहे: पहिल्यात विनंती सर्व्हरपर्यंत जातच नाही, त्यामुळे तिथल्या तपासण्याही होत नाहीत.

एमसीपीमध्ये टूलवर खुणा लावता येतात: फक्त वाचणारं आहे, नुकसान करू शकतं, पुन्हा चालवलं तरी परिणाम तोच राहतो, बाहेरच्या जगाशी बोलतं. खूण लावलीच नाही तर टूल नुकसान करू शकतं असंच गृहीत धरलं जातं, त्यामुळे फक्त वाचणाऱ्या टूलवर तशी खूण न विसरता लावा. अनेक क्लायंट त्यावरून परवानगी विचारायची की नाही ते ठरवतात. पण या खुणाही निव्वळ सूचना आहेत, हमी नव्हे. आणि टूल बाहेरचा मजकूर आणत असेल, म्हणजे इश्यूवरच्या कॉमेंट, वेबपेज, ग्राहकांचे मेल, तर तो मजकूर डेटा आहे, आदेश नाही, हे टूलच्या वर्णनात लिहा आणि आउटपुटमध्ये त्याची सुरुवात-शेवट ठळक खुणांनी वेगळी करा. याने धोका कमी होतो, संपत नाही; म्हणूनच पुन्हा परवानग्यांकडे यावं लागतं.

कुठे ठेवायचं

रेपॉझिटरीत काम करणाऱ्या कोडिंग एजंटसाठी मूळ फोल्डरमध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ ही फाइल ठेवण्याची पद्धत २०२५मध्ये रुळली. क्लॉड कोडसाठी ‘क्लॉड डॉट एमडी’ असते. मोठ्या रेपॉझिटरीत उपफोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवता येते आणि ज्या फाइलवर काम चालू आहे तिच्या सर्वांत जवळची सूचना मानली जाते. वेबवरच्या डॉक्युमेंटेशनसाठी ‘एलएलएमएस डॉट टीएक्सटी’चा प्रस्ताव जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४मध्ये मांडला: मार्कडाउनमध्ये शीर्षक, छोटा गोषवारा आणि महत्त्वाच्या पानांचे दुवे. एमसीपी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये खुलं केलं. तिथे टूलचं नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा हेच डॉक्युमेंटेशन, दुसरीकडे कुठे लिहिलेलं उपयोगाला येईल असं धरू नका.

मूळ फोल्डरमधली फाइल प्रत्येक सत्रात वाचली जाते, म्हणून ती छोटी ठेवा. एक-दोन स्क्रीन पुरे. तिच्यात सेटअपची कमांड, सगळ्या टेस्टची कमांड, एकाच फाइलची टेस्ट चालवायची कमांड, लिंटची (कोडमधल्या शैलीच्या व साध्या चुका शोधण्याची) कमांड, हात लावू नये अशा फाइली (जनरेट होणारा कोड, जुनी मायग्रेशन्स) आणि तपशिलाच्या फाइलींचे पाथ, एवढंच. एकाच टेस्टची कमांड नसेल तर एजंट दर छोट्या बदलाला पूर्ण टेस्ट चालवतो आणि तासाचे दोन तास होतात. ‘स्वच्छ कोड लिहा’, ‘उत्तम पद्धती पाळा’ असली सुभाषितं काढून टाका. त्यांतून एकही कमांड बदलत नाही. टोकन, पासवर्ड या फाइलींत कधीही नको. व्हेरिएबलचं नाव लिहा, मूल्य नाही.

तीच माहिती हेल्प मजकुरात, रीडमीत आणि एजंटच्या फाइलीत हातांनी लिहिली तर महिन्याभरात तिन्ही वेगळं सांगू लागतात. माणूस त्यातली ताजी कोणती हे साधारण ओळखतो. एजंट हाती लागेल ती उचलतो. फ्लॅग आणि डीफॉल्ट कोडमधूनच जनरेट करा; कधी वापरायचं, कधी नाही, आणि मागे कसं फिरायचं एवढंच हाताने लिहा.

तपासणी

लिहिलेलं स्पष्ट आहे का हे लेखकाने वाचून कळत नाही. टूलवर रोज होणारी आठ-दहा कामं निवडा. त्यांत एक-दोन अशी घ्या जी टूलने करताच येत नाहीत. रिकाम्या कंटेनरमध्ये, नव्या सत्रात, फक्त तुमचं डॉक्युमेंटेशन देऊन एजंटला काम सांगा. प्रत्येक काम किमान तीनदा करवा, कारण तोच एजंट तेच काम दर वेळी एकाच वाटेने करत नाही. मग निकालापेक्षा त्याने चालवलेल्या कमांडची नोंद वाचा.

चुका चार जातींच्या निघतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळ्या जागी असतो. चुकीची कमांड निवडली: ‘काम’ आणि ‘कधी वापरू नये’ दुरुस्त करा. कमांड बरोबर, मूल्यं चुकली: पॅरामीटरची टिपणं, नावं किंवा स्कीमा. कमांड बरोबर चालली, निष्कर्ष चुकला: आउटपुट आणि एक्झिट कोड. तीच कमांड तीनतीनदा चालवली: एरर संदेश. अस्तित्वात नसलेला फ्लॅग एजंट पुन्हा पुन्हा तयार करत असेल तर फाइलीत आणखी एक इशारा घालण्याआधी तो फ्लॅग टूललाच जोडता येईल का ते बघा. अनेकदा तो दहा ओळींचा बदल असतो आणि माणसांनाही आवडतो. न जमणाऱ्या कामावर एजंट थांबला नाही, काहीतरी जुगाड करून पुढे गेला, तर टूल काय करत नाही याची यादी अपुरी आहे.

डॉक्युमेंटेशनमधल्या कमांड सीआयमध्येही (कोडच्या बदलांवर आपोआप होणाऱ्या बिल्ड-तपासणीत) चालवा. हेल्पचं आउटपुट फाइलीत साठवून दर बिल्डला ताज्याशी ताडून बघा. फरक पडला तर बिल्ड पाडा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

फ्लॅगचं नाव बदलताना मात्र नुसतं डॉक्युमेंटेशन बदलून भागत नाही. तुमचं टूल सार्वजनिक असेल तर जुनं नाव मॉडेलच्या प्रशिक्षणात जाऊन बसलेलं असू शकतं, आणि नवी फाइल समोर असूनही ते वर येतं. जुना फ्लॅग एकदम उडवू नका. त्याच्यासाठी वेगळी एरर ठेवा: ‘--टार्गेट आवृत्ती ३पासून बंद. त्याऐवजी --कुठे वापरा, मूल्यं तीच.’ ती एरर एकदा दिसली की पुढच्याच प्रयत्नात कमांड दुरुस्त होते. आणि फाइलीच्या पहिल्या काही ओळींतच लिहा की हे टिपण टूलच्या कुठल्या आवृत्तीला लागू आहे आणि ती आवृत्ती कुठल्या कमांडने तपासायची.